रोज लावायचा सेंट

३ फेब्रुवारी

ताई,

पत्राला उशीर झाला म्हणून ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घे, कारण पुढे तुझ्याकडे काम आहे.

तुमच्या कारखान्यातला तो गुलाबी झाकणाचा सेंट, ज्याला आधी पेअरचा आणि मग जाईचा वास येतो, त्याची एक बाटली पाठव. भारीतलं काही नको. जड काचेचं, रिबीन बांधलेलं तर अजिबात नको. मुली कॉलेजला जाताना आणि बायका कामावर निघताना फसफस मारून जातात ना, तोच. इथल्या दुकानात मागितला तर त्याने दुसराच पुढे केला आणि म्हणाला, सगळे सारखेच असतात. हुंगून पाहिला, तर खोडरबराचा वास. मला तोच हवा आणि लवकर हवा.

कशाला ते विचारू नकोस.

आई ठीक आहे. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, त्यामुळे हाताला उसंत नाही. फोन करू नकोस. आईचे कान तुला माहीत आहेत, सुई पडलेली शेजारच्या खोलीत ऐकू येते तिला.

बारकी

&nbsp;

१० फेब्रुवारी

बारके,

"कशाला ते विचारू नकोस" असं लिहिलं की माणूस दुसरं काय विचारणार? कोण आहे तो? काय करतो? पँटची चेन बदलायला आला आणि तिथेच अडकला की काय? तू आणि सेंट म्हणजे आक्रीतच. तुझ्या अंगाला जन्मभर मशीनच्या तेलाचा आणि इस्त्रीच्या वाफेचाच वास. बरं, नको सांगूस. एक नाही, दोन बाटल्या पाठवल्यात.

मला मात्र तो लावायची सोय नाही. मिश्रणाच्या खोलीत बदली झाल्यापासून अंगाला कसलाही वास चालत नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. आमचे नाकेसाहेब (हे नाव आम्ही बायकांनी ठेवलंय, आणि त्यांना ते माहीत नाही अशी आमची समजूत आहे) सकाळी दारात उभे राहतात आणि प्रत्येकीला हुंगून आत सोडतात. परवा एकीने केसांना तेल लावलं होतं, तिला तिथूनच माघारी पाठवलं. म्हणजे बघ, इतक्या बायका मी केलेला वास लावून फिरतात आणि मी आपली उकळलेल्या पाण्यासारखी.

पण जपून हं. आईच्या नाकाला लागला तर बाटली खिडकीबाहेर जाईल. याच सेंटपायी तिने मला घालवलं. मशीन सोडून लोकांना वास विकायला चाललीस, या घरात आता तुला जागा नाही, असं दारात उभं राहून म्हणाली होती. ती तोंडाची तिखट आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, मलाही आहे. तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. खरं सांग, ती माझं नाव काढते का कधी?

ताई

&nbsp;

२० फेब्रुवारी

ताई,

कोणी नाही. ना चेनवाला, ना बटणवाला. तुला थट्टा सुचते, कारण तू तिथे आहेस.

ऐक आता. आईला दिसत नाही. थंडी सुरू झाली तेव्हा डावा डोळा गेला, मग उजवाही गेला. काचबिंदू होता, ती बोलली नाही आणि मलाही कळलं नाही. छातीत पाणी होतं, धाप लागते. गोळ्या रोज घ्यायच्या आहेत आणि ती घेत नाही. माझ्या हातचं तर नाहीच. तोंड मिटून भिंतीकडे वळते. मी गोड बोलले, ओरडले, एकदा तर रडलेसुद्धा. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई येऊन सांगून गेल्या की गोळ्या पोटात गेल्या नाहीत तर इस्पितळात न्यावं लागेल, आणि तिथून परत येईल याची खात्री नाही.

मग एक दिवस मला थंडी वाजत होती म्हणून तुझ्या कपाटातला जुना स्वेटर घातला. तुझी अर्धी बाटली तिथेच होती, ती उघडून थोडा सेंटही लावला. का लावला, देव जाणे. कंटाळा आला होता ताई, सगळ्याचा. संध्याकाळी तिच्याजवळ बसले तर तिने मान वळवली आणि म्हणाली, "थोरले?"

मी आणखी जवळ सरकून बसले. तिने हात पुढे केला. मी गोळ्या ठेवल्या, तिने घेतल्या, दूधही प्यायली.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. जुनी बाटली संपली म्हणून तुझ्याकडे मागितली. पण तू पाठवलेला चालत नाही. काल लावून गेले तर नाक मुरडलं आणि म्हणाली, "हे दुकानातलं." आज परत गोळ्या तशाच पडल्यात. तुम्ही त्यात काही बदललंत का? लगेच कळव. पुढचं नंतर भांडू.

बारकी

&nbsp;

२५ फेब्रुवारी

बारके,

आईचे डोळे गेले आणि मला आत्ता कळतंय. थंडीपासून तू "आई ठीक आहे" लिहितेस. तुझ्या त्या 'ठीक'ला आग लागो. मी परकी झाले का गं? ती मला घालवेल, पण तू कोण मला घालवणारी?

असो. आधी कामाचं.

काहीही बदललेलं नाही. वास तोच आहे, पण तू घाई करतेस. हा सेंट मारल्या मारल्या नुसतं फळ येतं, पेअर आणि थोडी रासबेरी. बाटली उघडून दुकानात वास घेतला की गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून ते वर ठेवलेलं असतं. ते पहिल्यांदा उडून जातं. तुझ्याकडच्या जुन्या अर्ध्या बाटलीतून तर ते केव्हाच उडालं असेल, म्हणून ती चालली. मग जाई वर येते, आणि तीही मावळली की अंगाला एक मऊसा वास उरतो, धुतलेल्या कपड्यासारखा. मी जिना उतरल्यावर लावायचे आणि संध्याकाळी घरी यायचे, तेव्हा माझ्या अंगाला तोच असायचा. आईने फळ कधी हुंगलेलंच नाही. तेव्हा जेवण उरकलं की लाव, आणि तुझी कामं करत राहा. तिच्याजवळ दिवेलागणीलाच जा. स्वेटरवर मार, हाताला नको, हाताला तेलाचा वास मिसळतो.

आता दुसरं. हे मला आवडलेलं नाही. औषध पोटात जायलाच हवं, ते मान्य. पण माझं नाव घेऊन तू तिच्यासमोर बसतेस, आणि ती त्या नावाशी बोलते. काय बोलते? जागा नाही म्हणणारी आई माझ्या हातून गोळ्या घेते, तर काहीतरी बोलत असेलच ना? शब्द न् शब्द लिहून पाठव. ते माझं आहे, बारके.

मी येऊ का? तिने बोलावल्याशिवाय पाय उचलत नाही आणि इथे जीवही लागत नाही.

ताई

&nbsp;

६ मार्च

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. चाललं. गोळ्या वेळेवर जातात, पायांवरची सूज उतरतेय. तुझे आभार.

बोलत विशेष काही नाही. जुनी गिऱ्हाइकं आठवत बसते, कोणाच्या कोटाची बाही तोकडी झाली होती, कोणी काजाची घाई केली होती. मध्येच विसरते आणि परत तेच सांगते. तुझ्याबद्दल काही नाही.

येऊ नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय, एकदम धक्का बसेल असं काही नको. तू समोर आलीस तर ती म्हणेल रोज येते ती कोण, आणि मग सगळंच बिंग फुटेल. पुन्हा तोंड मिटलं तर मी काय करू?

सेंट पुरेसा आहे. आणखी पाठवू नकोस.

बारकी

&nbsp;

२१ मार्च

बारके,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की नाकेसाहेबांनी मला दोनदा हाक मारली तरी कळलं नाही. आज तर चाचणीच्या कागदी पट्ट्यांची अदलाबदल केली मी. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुझ्याबद्दल काही नाही." तू लहान होतीस तेव्हाही खोटं बोलताना असंच एवढंस्सं वाक्य बोलायचीस.

मला राहवलं नाही म्हणून नर्सबाईंना त्यांच्या दवाखान्यात फोन केला. त्या म्हणाल्या, तुमच्या आई संध्याकाळी धाकटीचा हात धरून रडतात, तिच्या डोक्यावरून हात फिरवतात, आणि मी आत गेले की दोघी गप्प होतात. आता सांग, कोटाच्या बाहीसाठी कोण रडतं?

तुझ्या मनात काय आहे ते मला कळायला लागलंय, आणि कळू नये असं वाटतंय. आयतं नाव मिळालं, नावाबरोबर माया मिळाली, आता खरी थोरली कशाला हवी? मी येऊ नये म्हणून डॉक्टर पुढे केलास. बारके, आई मेली तर मला तिच्या तोंडचं एक वाक्य आठवेल, एकच, आणि ते कोणतं हे तुला ठाऊक आहे. तेवढ्यावर मी उरलेला जन्म काढू का?

२ एप्रिलला दुपारी येतेय. त्या वेळी तू घरात राहू नकोस. आणि मी अंगाला सेंट लावणार नाही. तिने मला ओळखायचं तर माझ्या आवाजावरून ओळखावं.

ताई

&nbsp;

२५ मार्च

ताई,

ये. किल्ली नर्सबाईंकडे ठेवते. मी गणवेश पोचवायला शाळेत जाईन. त्या दिवशी लावणार नाही.

पिवळी गोळी आधी, मग पांढरी. उशी उंच लागते तिला.

बारकी

&nbsp;

३ एप्रिल

बारके,

परतीच्या गाडीत लिहायला घेतलेला कागद फाडून टाकला. आता खोलीवर येऊन लिहितेय.

मी कुलूप काढून आत गेले. खोली तशीच आहे गं, मशीन खिडकीशी, कात्र्या खिळ्याला, फक्त पलंग पुढच्या खोलीत आलाय. आणि त्या पलंगावर आई एवढीशी. आपली आई, जिच्या आवाजाने गिऱ्हाईक मुकाट्याने माप द्यायला उभं राहायचं. मी वाटभर काय काय ठरवून आले होते. तिला पाहिलं आणि ते सगळं तसंच राहिलं. मी तुझ्या स्टुलावर जाऊन बसले.

तिने नाक वर केलं, जरा थांबली आणि म्हणाली, "बारके, लवकर आलीस?"

बरोबरच आहे. या घरात आता एक वासाची लेक आहे आणि एक बिनवासाची. मी बिनवासाची, म्हणजे मी बारकी. मी तोंड उघडणार, एवढ्यात तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "मी बोलले ते थोरलीला लिहिलंस का?"

ती सांगत गेली आणि मी ऐकत राहिले. रोज संध्याकाळी सेंट लावून जवळ बसतेस ते मला कळत नाही का, म्हणाली. सुईने टोचलेली बोटं कुठे लपतात होय? पहिल्या दिवशी फसले, दुसऱ्या दिवशी नाही. पण बरं वाटलं, म्हणून चालू दिलं. म्हटलं, ही जाऊन तिला लिहील. हे सगळं माझी बोटं कुरवाळत, आणि माझ्या बोटांना एक टोचलेलं नाही. मला वाटलं, तिच्या हाताला आता तेवढंही कळत नसेल.

"लिहिलंस का?" तिने परत विचारलं.

मी म्हटलं, "लिहिलं, आई."

मी तुला पाठीशी घातलं. का, ते विचारू नकोस, मला तुझा इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय. पण तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते पाहून मला नाही म्हणवलं नाही.

नंतर ती तुझ्याबद्दल बोलली. तुझ्याशी म्हणजे माझ्याशी. ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मी तुझ्यासारखी नाही. म्हणाली, "बारके, मी तुझ्यावर खेकसते, गोळ्या थुंकते, तुला वाटत असेल म्हातारी दुष्ट आहे. थोरलीचे मी लाड केले, तिच्याशी गोड बोलले, आणि ती उठून गेली. तुझ्याशी गोड बोलायची मला भीती वाटते. तू गेलीस तर मी कोणाच्या आवाजाने उठायचं?"

घे. हे तुझं होतं, मी तुला दिलं. आता माझं मला दे. पत्रानेच दे. तुझ्या अक्षरात मला ते वाचायचंय. मी तिला मी कोण ते सांगितलं नाही. गोळ्या दिल्या, पिवळी आधी, आणि निघून आले.

ताई

&nbsp;

८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मशीनवर बसून वाचलं आणि गणवेशाची बाही उलटी शिवली.

आधी तुझं तुला देते. फेब्रुवारीच्या शेवटापासून ती हेच बोलतेय, कधी पुढचं मागे, कधी मागचं पुढे, पण हेच. "थोरले, मी त्या दिवशी रागाने बोलले नाही, घाबरून बोलले. मशीन दोघी मिळून चालवाल, खिडकीशी एक आणि दाराशी एक, असं मी माझ्या मनात मांडून बसले होते. तुला कधी विचारलं नव्हतं. मग तू गेलीस त्यात तुझा काय गुन्हा? जागा नाही म्हणाले, आणि दाराशी दुसरं मशीन कधी येऊ दिलं नाही. ती जागा तुझीच आहे. ये."

हे मी तुझ्यापासून दडवलं. तू लिहिलंस ते खरं आहे, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची, ताई. मला आठवतंय तेव्हापासून तिने माझ्या डोक्याला हात लावला नव्हता. हे तुला लिहिलं की तू येणार, आणि मग तो हात तुझा तुला परत द्यावा लागणार. मी परत त्या पाठ फिरवलेल्या माणसाशी एकटी. मला ते सोसलं नसतं, म्हणून लिहिलं नाही. माफी मागायलाही लाज वाटते.

आता हे ऐक. तू आलीस त्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले. सेंट लावला नव्हता. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला म्हणाली, "थोरलीचे हात अजून गारच आहेत."

मी जागच्या जागी बसले. म्हटलं, तुला कळलं होतं? म्हणाली, डोळे गेलेत माझे, डोकं नाही. म्हटलं, मग तिला बारके बारके काय करत होतीस? तर पांघरूण ओढून घेतलं. आपल्या आईचं जन्मभर हेच ना ताई, लेकी बोले सुने लागे. सून नाही घरात, म्हणून एका लेकीला सांगायचं आणि दुसरीला पोचवायचं. माझ्याशी बोलली ती तुझ्यासाठी, तुझ्याशी बोलली ती माझ्यासाठी. समोरच्याला समोर सांगायचं म्हणजे तिला फाशी.

मी मात्र त्या दिवशी सोडलं नाही. ओरडलेच. म्हटलं, एवढ्या लांबून आली पोर, तिला एक हाक का नाही मारलीस? तेव्हा म्हणाली, "तिने सांगितलं असतं मी थोरली, तर मारली असती. तीच लपली तर मी कशी मारू?"

ताई, परवापासून धाप वाढलीय. बसून झोपते. नर्सबाई दिवसातून तीनदा येतात आणि जाताना माझ्याकडे बघत नाहीत. सुट्टीची वाट बघू नकोस, नाकेसाहेबांना काय सांगायचं ते सांग. आणि या वेळी लपू नकोस. दारातच सांग.

बारकी

&nbsp;

११ एप्रिल

बारके,

तू औषधांच्या दुकानात गेलीस तेवढ्यात हे लिहून मशीनवर ठेवतेय. तू आल्यावर तोंडाने सांगायला गेले तर तिला ऐकू जाईल.

बाटली माझ्या पिशवीत होती. गाडीत दोनदा झाकण काढलं आणि परत लावलं. नाही लावला. जिना चढले. दार उघडं होतं. तिची धाप मला बाहेरूनच ऐकू येत होती, आणि खरं सांगते, वाटलं की आत न जाता परत फिरावं, म्हणजे निदान तिच्या तोंडून परत 'नको' ऐकावं लागणार नाही.

दारातच म्हटलं, "आई, मी थोरली."

तिची मान हलली नाही, हात हलला नाही. नुसती धाप. मला वाटलं उशीर झाला, आता तिला काही पोचत नाही. चौकट धरून मी परत म्हटलं, "मी थोरली आहे आई. आत येऊ का?"

बारके, ती खेकसली. त्या एवढ्याशा छातीतून कुठून आवाज काढला कोण जाणे. "विचारतेस काय परक्यासारखी? आत ये आणि दार लाव आधी, वारा येतोय. आणि त्या गोळ्या दे, कधीच्या पडल्यात."

अशी ती आजवर फक्त तुझ्यावर खेकसायची.

मी दार लावलं आणि गोळ्या दिल्या.

ताई